पाऊण इंच

स्थळ पाहणे, साडी पाहणे आणि वांगी पाहणे या तीन बाबतींत आपल्या घराण्यातील बायकांचा हात कुणी धरणार नाही, असे माझी आजी म्हणत असे. वांगे नुसते तळहातावर तोलून त्यात बिया किती असतील, हे ती सांगे. आणि घरी आल्यावर विळीवर ते चिरले की तिचे म्हणणे खरे ठरे. तिच्या या यादीत यंदा मी एका चौथ्या वस्तूची भर घातली आहे. ती वस्तू म्हणजे ट्रकच्या चाकांचे नट खोलण्याची, बॅटरीवर चालणारी गन. खोक्यावर तिचे नाव ‘कॉर्डलेस इम्पॅक्ट रेंच’ असे भारदस्त असते. गॅरेजात तिला ‘बॅटरीची गन’ म्हणतात.

मराठीच्या प्राध्यापिकेचा आणि ट्रकच्या नटांचा काय संबंध, असे वाचकांना वाटेल. संबंध रक्ताचा आहे. माझे माहेर दौंडचे. वडील रेल्वेत फिटर होते. धाकट्या भावाने लोखंडाचा वारसा सोडला नाही. फक्त रुळांवरून उतरून तो रस्त्यावर आला. सोलापूर रस्त्यालगत त्याचे अवजड गाड्यांच्या दुरुस्तीचे गॅरेज आहे. मी नोकरीच्या निमित्ताने शिरूरला असते. दोन्ही तालुके शेजारशेजारचे. दौंड भीमेच्या काठी, शिरूर घोड नदीच्या. इतके की जुनी माणसे शिरूरला अजून घोडनदीच म्हणतात. ही घोड पुढे जाऊन भीमेलाच मिळते. मीही सुट्टी लागली की न्हावऱ्यावरून, पारगावचा पूल ओलांडून, चौफुल्याकडे निघते. नद्यांनासुद्धा माहेरची ओढ असते, असे त्या पुलावर मला नेहमी वाटते.

गेल्या उन्हाळ्यात अशीच गेले, तर भाऊ डाव्या हाताने जेवत होता. उजवा हात खांद्याच्या वर जाईना. डॉक्टरांनी सांगितले होते की खांद्यातले स्नायूबंध झिजले आहेत. यापुढे झटक्याने जोर लावायचे काम करू नका. अवजड गाड्यांच्या मिस्त्रीला झटक्याने जोर लावू नका म्हणणे, म्हणजे कीर्तनकाराला तोंड उघडू नका म्हणण्यासारखेच आहे! पण भावाचा चेहरा पाहून मला विनोद सुचला नाही. त्याच्या दोन मुली शाळेत आहेत, गॅरेजात तीन पोरे कामाला आहेत, आणि दिवाळी सरली की उसाचा हंगाम सुरू होतो. या हंगामाच्या चार-पाच महिन्यांतच त्याचे वर्ष उभे राहते.

एका चाकामागे खांदा का झिजावा, हे मला आधी कळेना. मग त्यानेच हिशेब मांडला. दहा टायरच्या ट्रकला पुढे दोन चाके आणि मागच्या दोन एक्सलवर जोडीजोडीने आठ. म्हणजे चाके बसण्याच्या जागा सहा. आणि मोठ्या गाडीत प्रत्येक जागी दहा नट. सगळ्या ब्रेकचे लायनर बदलायचे म्हटले की साठ नट खोलायचे आणि साठ पुन्हा आवळायचे. एका नटाला जोर किती? जोर, किंवा आपण त्याला पीळ म्हणू, मोजतात न्यूटन-मीटरमध्ये. साठ किलोचा माणूस एक मीटर लांब पाइपच्या टोकावर उभा राहिला, तर नटावर साधारण ५९० न्यूटन-मीटर पीळ पडतो. मोठ्या ट्रकच्या चाकाचा नट मुळात आवळलेला असतो तोच सहाशेच्या आसपास. त्यावर पावसाळ्याचा गंज चढला की खोलताना पीळ त्याहून कितीतरी जास्त लागतो. म्हणून व्हील पान्याला पाइप जोडायचा, त्यावर एकाने उभे राहायचे, दुसऱ्याने हिसका द्यायचा, आणि पाना निसटला तर दोघांनी गुडघे फोडून घ्यायचे. वीस वर्षे हे करणारा खांदा शेवटी बोलला, यात नवल ते काय?

“मग हवेची गन आहे ना तुझ्याकडे?” मी विचारले. ती आहे; चांगली एक इंची आहे. पण तिला कॉम्प्रेसर लागतो, नळी लागते, वीज लागते. गाडी मात्र गॅरेजच्या दारात येऊन बंद पडत नाही. ती रात्री अकरा वाजता, भरल्या उसासकट, शेतातल्या कच्च्या रस्त्यावर एका कुशीवर बसते. तोडलेला ऊस तिथे उभ्या उभ्या वाळतो. त्याचे वजन घटते आणि साखरही. मालक फोनवर फोन करतो. अशा वेळी मिस्त्रीला मोटारसायकलवर टाकून नेता येईल असे काहीतरी हवे असते. बॅटरीची गन ती हीच.

तर भावाने माझ्यापुढे सहा-सात माहितीपत्रके ठेवली आणि म्हणाला, “ताई, तू एवढी पुस्तकं वाचतेस, तर एवढं वाच की. मला सगळ्याच चांगल्या वाटायला लागल्यात.”

वाचकहो, मी ती वाचली. आणि वीस वर्षे वर्गात अलंकार शिकवल्याचे सार्थक झाले असे मला वाटले. अतिशयोक्ती तर पानोपानी होती. प्रत्येक खोक्यावर पिळाचा एक भला मोठा आकडा असतो. बारीक अक्षरांत पाहावे, तर तो नट सोडवण्याचा असतो. आवळण्याचा आकडा वेगळा आणि पुष्कळच लहान. समानार्थी शब्दही होते. एकाच्या खोक्यावर १८ व्होल्ट आणि दुसऱ्याच्या खोक्यावर २० व्होल्ट, पण बॅटरी तीच! आत ३.६ व्होल्टचे पाच सेल, म्हणजे १८. आणि नुकतीच भरून काढली की क्षणभर चढते ती २०. एक जण पीळ फूट-पाउंडात सांगतो, दुसरा न्यूटन-मीटरमध्ये. १,००० आणि १,३५६ हे आकडे शेजारी ठेवले तर दुसरा पैलवान वाटतो; वस्तुतः ते जुळे भाऊ आहेत. आणि श्लेष पाहायचा असेल तर तो अगदी स्वस्त खोक्यांवर पाहावा. तिथे व्होल्टच्या अक्षराला आणखी एक अक्षर असे चिकटवलेले असते की शेजारचा शेकड्यांतला आकडा व्होल्टचा राहतच नाही. पण घेणाऱ्याला तो तसा वाटावा, ही कवीची इच्छा असते.

आकड्यांची धूळ खाली बसल्यावर मग यंत्र दिसू लागले, आणि ते मला फारच आवडले. या गनच्या पोटात एक हातोडा आहे आणि एक ऐरण आहे. मोटर हातोड्याला फिरवते. तो गरगर फिरत येऊन ऐरणीच्या कानाला ठोसा देतो, मागे सरतो, पुन्हा वेग घेतो आणि पुन्हा देतो. असे मिनिटाला दोन-दोन हजार ठोसे. नट बसतो तो ऐरणीच्या पुढच्या टोकावर. गंमत अशी की सारा झटका हातोडा आणि ऐरण आपापसांत मिटवतात. धरणाऱ्याच्या मनगटाला पीळ फारसा पोहोचत नाही. लोहाराने हजारो वर्षे जे खांद्याने केले, ते इथे मुठीएवढ्या जागेत चालते. एखादा प्रश्न ऐरणीवर आला असे आपण म्हणतो. माझ्या भावाच्या खांद्याचा प्रश्न अक्षरशः ऐरणीवर आला होता!

पीळ नटाला द्यायचा आणि माणसाला लागू द्यायचा नाही, या युक्तीचे महत्त्व अंतराळवीरांइतके कुणाला कळणार? जिथे वजनच नाही तिथे पाना फिरवायला जावे, तर नट जागेवर राहतो आणि माणूसच गरगरतो. म्हणून १९६०च्या दशकाच्या मध्यात अमेरिकेच्या जेमिनी मोहिमेसाठी, माणसाला न फिरवता नट फिरवील असा बॅटरीवरचा पाना मुद्दाम तयार करवून घेतला होता. तो करणाऱ्या ब्लॅक अँड डेकर कंपनीने १९६१ साली बॅटरीवरचे पहिले ड्रिल बाजारात आणले होते. आणि १९७१ साली अपोलो-१५च्या वीरांनी बॅटरीच्याच ड्रिलने चंद्राची जमीन पोखरली. पण त्या काळच्या बॅटऱ्यांना ट्रकचा नट पेलवणारा नव्हता. १९९१ साली लिथियम-आयन बॅटरी विक्रीस आली, आणि पुढे तिनेच हे जमवले. ती घडवणाऱ्या तिघा शास्त्रज्ञांना २०१९ साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्या खिशातला फोन जिच्यावर चालतो, त्याच जातीची ही बॅटरी.

इथवर सगळे कागदावरचे झाले. पण वांगे हातात घेतल्याशिवाय कळत नाही. शिरूरच्या बाह्यवळणाजवळ माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचे गॅरेज आहे. वर्गात तो शेवटच्या बाकावर बसे; आता मोठमोठे ट्रेलर त्याच्या दारात रांगेत उभे असतात. त्याच्याकडे अशी गन आहे हे मला ठाऊक होते. भावाला घेऊन मी तिथे गेले.

“मॅडम, इकडं कुठं?” असे म्हणत त्याने हात पुसले, चहा सांगितला आणि गन भावाच्या हाती दिली. ती होती एक इंची. या यंत्रांत अर्धा इंच, पाऊण इंच आणि एक इंच ही त्यांची जात असते. गोटी जिथे बसते त्या चौकोनी टोकाचे ते माप. अर्धा इंची मोटारगाड्यांसाठी, पाऊण इंची ट्रॅक्टर आणि ट्रकसाठी, एक इंची सर्वांत अवजड कामासाठी. विद्यार्थ्याची गन लांब नाकाची होती. जोडचाकांच्या खोल खड्ड्यातला नटसुद्धा उभ्या उभ्या गाठता यावा, म्हणून. तिने गंजलेले नट असे सोडवले की मी कानांवर हात ठेवूनही थक्क झाले. मला वाटले, झाली निवड! पण भाऊ काही बोलेना. त्याने ती नटावरून काढली, पुढच्या नटाकडे नेली, पुन्हा काढली. आणि चौथ्या नटाला त्याच्या ओठांवरचा दाब मला दिसला. बॅटरीसह ती दहा किलोंच्या पुढे होती.

विद्यार्थ्यानेही ते पाहिले. तो म्हणाला, “मामा, माझं काम वेगळं आहे. रांजणगावच्या कंपन्यांचे कंटेनर येतात, फरशीवर उभे राहतात, दोन पोरं हाताखाली आहेत. तुम्हाला ही घेऊन उसात शिरायचं आहे.” भावापेक्षा तो फार लहान नसेल, पण मॅडमचा भाऊ म्हणजे मामाच, हा त्याचा हिशेब. मला त्या वाक्याचे फार कौतुक वाटले. सबंध माहितीपत्रकांत कुठेही न छापलेली गोष्ट त्याने सांगितली होती. यंत्र चांगले कोणते, हा प्रश्नच अपुरा आहे. कुणाच्या हातात आणि कुठल्या जमिनीवर, हे जोडल्याशिवाय तो पुरा होत नाही. साडी नुसती चांगली नसते; ती कुणाला तरी शोभते.

मग पाऊण इंचीचा विचार सुरू झाला. तिचे वजन पाच-सहा किलो. पीळ एक इंचीइतका नाही, पण बहुतेक नटांना पुरून उरेल एवढा. जो नट तिलाही दाद देणार नाही, त्याच्यासाठी गॅरेजात हवेची एक इंची आहेच. पुण्याला बोहरी आळीत गेलो तेव्हा भावाने खिशातून फडक्यात गुंडाळलेला एक गंजका नट काढला, आणि गन कमरेच्या उंचीवर धरून घड्याळ लावून पाच मिनिटे उभा राहिला. दुकानदार गोंधळला. आजी असती तर तिने मान डोलावली असती.

खरी परीक्षा मात्र भावजयीने घेतली. किंमत ऐकून ती काही क्षण आपल्या हातातल्या बांगड्यांकडे पाहत राहिली. मग तिने फोनवर दुकानदाराला मिक्सर घेताना विचारतात तेच चार प्रश्न विचारले. बिघडली तर दुरुस्त कुठे होते, दौंडला की मुंबईला? बॅटरी सुटी मिळते का आणि केवढ्याला? हीच बॅटरी ग्राइंडरला आणि ड्रिलला चालते का? गॅरेजच्या वापराला हमी लागू आहे, की फक्त घरच्या? या शेवटच्या प्रश्नावर दोन खोकी आपोआप बाद झाली. गॅरेजांच्या रांगेतल्या एकाने असलीच स्वस्त गन घेतली होती. सहा महिन्यांत बॅटरी फुगली आणि तसली बॅटरी पुन्हा कुठेही मिळेना. आता ती खिडकीत ठेवलेली आहे. पान्याचे काम गेले, शोभेचे उरले.

निवड ठरली ती अशी: पाऊण इंची गन, कार्बनचे ब्रश नसलेल्या मोटरची, पाच अँपिअर-तासांच्या दोन बॅटऱ्यांसह. एक चालते तेव्हा दुसरी चार्जरवर. दौंडच्या उन्हाळ्यात गाडीच्या तापलेल्या केबिनमध्ये बॅटरी ठेवायची नाही, आणि गरम झालेली लगेच चार्जरला लावायची नाही, हे भावजयीने भिंतीवर खडूने लिहून ठेवले आहे. गोट्या घ्यायच्या त्या जाड, काळ्या. ठोसे सोसणाऱ्या पोलादाच्या. हातपान्याच्या चकचकीत गोट्या या ठोशांनी तडकतात आणि त्यांचा तुकडा डोळ्यात जाऊ शकतो. यंदाची भाऊबीज त्यामुळे उलटी झाली. अर्धी किंमत मी घातली. भाऊ नको नको म्हणत होता, पण घरात मोठी कोण आहे?

एवढे झाल्यावर वडील बोलले. ते हल्ली फार बोलत नाहीत, कारण त्यांना फारसे ऐकू येत नाही. आयुष्य हातोड्यांच्या आवाजात गेले. त्या काळी कानात बोळे घालायचे असतात हे कुणी त्यांना सांगितले नाही. या गनचा आवाजही शंभर डेसिबलच्या पुढचा. शिवाय तिच्या थरथराटाने वर्षानुवर्षे हातात धरणाऱ्याची बोटे बधिर आणि पांढरी पडू शकतात. तेव्हा कानांचे बोळे आणि जाड हातमोजे आम्ही त्यांच्या सांगण्यावरून आधीच यादीत घातले होते. पण त्यांचा प्रश्न वेगळाच होता. “खोलशील हिच्यानं,” ते भावाला म्हणाले, “आवळशील कशानं?”

भावाने गनकडे बोट दाखवले. वडिलांनी मान हलवली.

मग त्यांनी जे सांगितले ते मी माझ्या भाषेत सांगते. नट चाकाला धरून ठेवतो ते स्वतःच्या बळावर नव्हे. तो आवळला की आतला बोल्ट केसभर ताणला जातो, आणि स्प्रिंगसारखा आखडून चाकाला हबवर दाबून धरतो. हा ताण कमी पडला तर नट प्रवासात हळूहळू सैल होतो. जास्त झाला तर बोल्ट आधीच थकतो आणि एके दिवशी तुटतो. आणि आपण लावलेल्या पिळातला, ढोबळ मानाने, दहावा हिस्साच हा ताण देण्याच्या कामी येतो. बाकी सारा आट्यांच्या आणि नटाच्या बुडाच्या घर्षणात जातो. गंज, तेल, रंग यांनी हे गणित बदलते. त्यात गनचे ठोसे किती बसले, बॅटरी भरलेली की उतरलेली, गोटी लांब की आखूड, यानेही ते बदलते. म्हणजे गनने आवळलेला नट नेमका किती आवळला, हे गनलाही ठाऊक नसते. एक चाक, रिमसकट, शंभरेक किलोंचे. भरधाव गाडीतून ते सुटले तर ते पुढे कुणाच्या अंगावर जाईल, हे कुणी सांगावे? त्या रस्त्यावर शाळेला निघालेली सायकल असेल, स्कूटरवरचे जोडपे असेल.

म्हणून बरोबर पिळाचा पानाही घेतला; गॅरेजात त्याला टॉर्क पाना म्हणतात. लांब दांड्याचा, पिळाचा आकडा लावून ठेवायचा. गनने नट फक्त बसवायचा, अलगद. आणि शेवटचा आवळा या पान्याने, समोरासमोरचे नट आळीपाळीने घेत. ठरलेला पीळ आला की पाना ‘टक्’ म्हणतो. लांब दांड्याने सावकाश दाब द्यायचा असल्याने त्यात झटका नाही. ते काम हाताखालचा पोऱ्याही करू शकतो. शिवाय शंभरेक किलोमीटरच्या आत, म्हणजे दौंडहून पुणे गाठण्याच्या सुमारास, नट पुन्हा एकदा तपासायचे. ड्रायव्हर कुरकुरतात, पण भाऊ आता हे पावतीवरच लिहून देतो.

मला वाटते, जोराविषयीचे सारे शहाणपण यात आले. खोलताना जोर कितीही असावा. बांधताना त्याला थांबता आले पाहिजे. खोक्यावर छापतात तो पहिला जोर. माणसांचा जीव अवलंबून असतो तो दुसऱ्यावर. आणि तो कुठल्याच खोक्यावर मोठ्या अक्षरांत नसतो. संसारातही बहुधा असेच असते, पण तो उपदेश मी वर्गासाठी राखून ठेवते.

हा अंक वाचकांच्या हाती पडेल तोवर खंडेनवमीला त्या गनवर हळद-कुंकू पडलेले असेल आणि शिवारात कोयते फिरू लागले असतील. भावाचा खांदा बरा झाला असे मी म्हणणार नाही. झिजलेले भरून येत नाही. पण तो आता उजव्या हाताने जेवतो. नवा पाना आला त्या दिवशी त्याने पहिला नट वडिलांना आवळायला दिला. तो टक् आवाज त्यांना ऐकू येणार नाही, हे माझ्या मनात आले आणि मी अवघडले. वडिलांनी दोन्ही हातांनी दांडा धरला, सावकाश दाबला, आणि मधेच थांबले. “आला,” ते म्हणाले. तो टक् तळहातालाही लागतो.